फाकडा

फाकडा (विशेषण व नाम) : रणात बेधडक पुढे होणारा, तडफदार, रुबाबदार वीर. मराठीत विजयाचे शब्द पुष्कळ आहेत. गड सर होतो, मोहीम फत्ते होते, एका पक्षाची सरशी होते, दुसऱ्यावर मात होते, शर्यतीत कोणी बाजी मारतो. हे सगळे शब्द निकाल लागल्यावरच वापरता येतात. ‘फाकडा’ला निकालाची गरज नसते, आणि याचा सर्वांत मोठा दाखला मावळात आहे : इष्टुर फाकडा. तो शत्रूपक्षाचा होता, त्याचा पक्ष हरला, आणि तो स्वतः त्या पराभवाच्या आधीच मारला गेला.

इष्टुर म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करणाऱ्या जिभेनेच त्याचे नाव असे वळवले. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाला पुण्याच्या गादीचा कारभार मिळवून देण्यासाठी 1778च्या नोव्हेंबरात ही फौज मुंबईहून निघाली. स्टुअर्ट ग्रेनेडियर शिपायांच्या तुकड्या घेऊन पुढे आला आणि त्याने बोरघाट ताब्यात घेतला. मागून कर्नल एगर्टनची मुख्य फौज तोफा आणि सामानाचे हजारो बैल घेऊन खंडाळ्यापर्यंत चढली. घाटमाथ्यावर आल्यावर मात्र तिची चाल अतिशय मंदावली. एकेका दिवसात मैलभरही वाट सरेना. मराठ्यांनी समोरासमोरची मोठी लढाई टाळली. बाजूंनी हल्ले, तोफांचा मारा, रसद तोडणे आणि वाटेवरची दाणावैरण नाहीशी करणे, असा त्यांचा डाव होता. या रेंगाळलेल्या वाटचालीत आघाडी सांभाळून लढत राहिलेला अधिकारी म्हणून स्टुअर्ट मराठ्यांच्या नजरेत भरला. 4 जानेवारी 1779 रोजी कार्ल्याजवळ तो पडला.

त्यानंतरच्या घटना झपाट्याने घडल्या. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा गाव जाळून रिकामे केलेले होते. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, आणि वडगावला तिची कोंडी झाली. महादजी शिंदे, हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी वेढल्यावर इंग्रजांना तह करावा लागला. 1773नंतर घेतलेला मुलूख, साष्टीसह, परत करण्याचे त्यांनी कबूल केले. कंपनीने हा तह पुढे मानला नाही आणि युद्ध 1782च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. वडगावला ओलीस म्हणून ठेवलेल्या दोघांपैकी एकाचे नावही स्टुअर्टच होते, पण तो लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट. या दोघांची गल्लत अनेकदा होते, ती टाळावी.

मराठी स्मरणात मोहिमेचा सेनापती एगर्टन जवळजवळ उरला नाही, स्टुअर्ट उरला. वडगावात त्याची समाधी दाखवली जाते, आणि त्याच गावी महादजींच्या विजयाचे स्मारकही आहे. जिंकलेल्याची आणि हरलेल्या पक्षातल्या वीराची आठवण एकाच गावाने जपावी, ही मावळच्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे.

पेशवाईतल्या ‘साडेतीन फाकड्यां’त स्टुअर्टची गणना ‘अर्ध्या’वर होते. पूर्ण फाकड्यांत मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे ही नावे ठळक आहेत; मानाजींना तर लोक मानाजी फाकडे म्हणूनच ओळखत. अर्धा म्हणजे कमअस्सल, असा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. पेशवाईतल्याच साडेतीन शहाण्यांतले अर्धे शहाणे नाना फडणवीस आहेत, आणि त्यांच्या बुद्धीबद्दल त्या काळीही कोणाला शंका नव्हती. त्यांच्याकडे लेखणी होती, तलवार नव्हती, एवढाच त्या अर्ध्याचा अर्थ. परक्या फौजेतल्या माणसाला आपल्या वीरांच्या मोजणीत घेतले, हेच इथे महत्त्वाचे.

ज्या इंग्रजीतून आज आपण विजयाचे शब्द उचलतो तिच्यातही शब्दांच्या अर्थांचे प्रवास झाले आहेत. ‘चॅम्पियन’ हा मूळचा मैदानात उतरून लढणारा. ‘मैदान’ या अर्थाच्या लॅटिन ‘कॅम्पुस’वरून तो शब्द आला, आणि अव्वल ठरलेला हा अर्थ त्याला नंतर चिकटला. ‘रनर-अप’ शिकारी कुत्र्यांच्या शर्यतींतला, फक्त अखेरची फेरी हरलेल्या कुत्र्यासाठीचा. ‘ट्रॉफी’ ग्रीकांची : शत्रूने जिथे पाठ फिरवली त्या जागी उभारलेली विजयखूण. त्या मूळ अर्थाने पाहिले तर ट्रॉफीची जागा तळेगावला येते, कारण फौज तिथूनच मागे वळली. बुद्धिबळातली ‘मात’ आणि इंग्रजी ‘चेकमेट’मधला ‘मेट’ तर सख्खे आहेत; दोन्ही फारसी ‘शाह मात’मधून निघाले.

‘फाकडा’च्या सर्वांत जवळचा इंग्रजी शब्द ‘गॅलंट’. दोन्ही शब्दांत शौर्य आणि डौल एकत्र नांदतात, पण ‘गॅलंट’मध्ये डौलाचा अर्थ आधी आणि शौर्याचा नंतर आला, तर ‘फाकडा’ हळूहळू रणांगणावरून छानछोकीकडे सरकला. आजच्या बोलण्यात फाकडा म्हणजे ऐटबाज तरुण आणि फाकडी म्हणजे ठसकेबाज देखणी स्त्री. ‘फाकडू’ तर नुसत्या झकासपणालाही चालतो. लढाईतला जुना अर्थ आता मुख्यतः इतिहासाच्या पुस्तकांत, मानाजींच्या नावात आणि कार्ले-वडगाव परिसरात सांगितल्या जाणाऱ्या इष्टुरच्या गोष्टीत आढळतो.