संशोधन-विदा : देवाणघेवाण आणि शोध

विदेची (डेटाची) देवाणघेवाण म्हणजे एका ज्ञानशाखेने जमवलेली निरीक्षणे दुसऱ्या शाखेला सापडतील व उमजतील अशा रीतीने नोंदवून खुली करणे. नुसती खुली करून भागत नाही, हे लातूर जिल्ह्यातल्या भूकंपावरून दिसते. आपल्या घड्याळाने तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास झाला. जागतिक प्रमाणवेळेच्या सूचीत मात्र तारीख २९ सप्टेंबर. शोधनिबंधांत तो कुठे ‘लातूर’चा, कुठे तिथल्याच ‘किल्लारी’ गावाचा. दगडमातीच्या जाड भिंती तपासणारा अभियंता, जखमा-मृत्यू मोजणारा डॉक्टर आणि किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेऊन ३३८ मीटर बेसाल्ट मोजणारा भूवैज्ञानिक यांच्या नोंदी एकाच नावाने वा तारखेने शोधल्या, तर सगळ्या हाती लागतीलच असे नाही.

विदा खुली केली की मेहनत आमची आणि श्रेय दुसऱ्याचे, हा संशोधकांचा आक्षेप रास्त आहे. विदासंचालाही निबंधासारखा कायम क्रमांक मिळाला, त्याचा उल्लेख बंधनकारक झाला, की तो बराचसा मिटतो. आपद्ग्रस्तांच्या खासगी तपशिलाचा आक्षेप तसा मिटणारा नाही. तिथे कुलूपच बरे. पण कुलपाआड काय आहे, त्याची सूची तरी उघडी हवी. सरकारी खर्चाने जमलेल्या विदेसाठी भारताचे राष्ट्रीय विदा सहभाजन व सुलभता धोरण २०१२ मध्ये आले, किल्लारीनंतर १९ वर्षांनी.