मैदान, तालीम आणि संकुल : महाराष्ट्रातील फुटबॉलच्या जमिनीचा इतिहास

१

फुटबॉल हा साहित्याच्या दृष्टीने अत्यंत स्वस्त आणि जागेच्या दृष्टीने अत्यंत महाग असा खेळ आहे. एका चेंडूवर बावीस जणांचे काम भागते. परंतु आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी सर्वमान्य झालेले १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद मैदान आखावयाचे झाल्यास ७,१४० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने तशी चोपन्न क्रीडांगणे एका फुटबॉल-मैदानात सामावतील. कबड्डी देवळापुढच्या पटांगणात किंवा कापणी झालेल्या शेतात उभी राहू शकली. फुटबॉलला तेवढ्यावर भागविता येत नाही.

यामुळे फुटबॉलचा इतिहास हा बव्हंशी जमिनीचा इतिहास ठरतो. जमीन कोणाची, ती कोणत्या हक्काने वापरावयाची आणि तिची निगा कोणी राखावयाची, या तीन प्रश्नांची उत्तरे जेथे मिळाली तेथे स्थानिक संघ टिकले. प्रस्तुत निबंधात मुंबई व कोल्हापूर या दोन शहरांचा अनुभव तपासून, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्यासारख्या तालुक्याच्या गावी मैदानाची सुधारणा म्हणजे नेमके काय, याचा विचार केला आहे. मैदान, तालीम आणि संकुल हे तीन शब्द या विवेचनास उपयोगी पडतात. कारण समाजाचे जमिनीशी असलेले नाते कसकसे पालटत गेले याची खूण त्या शब्दांत राहिली आहे.

२

‘मैदान’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. मोकळी, सपाट जागा हा त्याचा अर्थ. तिचा उपयोग शब्दात ठरलेला नाही. लढाई, बाजार, सभा व खेळ यांना ती सारखीच खुली. ‘कुस्त्यांचे मैदान’ या प्रयोगात तर जागेचा अर्थ मागे पडून प्रसंगाचा अर्थ पुढे आला आहे. उपयोग ठरलेला नसणे हे मैदानाचे सामर्थ्य होय आणि तेच त्याचे दौर्बल्यही होय. कारण जी जागा सर्वांची, तिच्यावर बलवत्तराचा हक्क प्रथम चालतो.

मुंबईच्या इतिहासात याचा प्रत्यय येतो. किल्ल्याच्या तटाबाहेर एस्प्लनेड नावाची विस्तीर्ण जमीन लष्करी गरजेपोटी मोकळी राखलेली होती. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६२ च्या सुमारास तट पाडण्यास आरंभ झाला. नवे रस्ते व इमारती होऊन या जमिनीचे भाग पडले. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान आणि कूपरेज ही आजची मैदाने त्या जमिनीचेच अवशेष होत. ‘कूपरेज’ हे नाव पिंपे बनविणाऱ्या कारागिरांच्या कामाच्या जागेवरून आलेले आहे. खेळाशी त्याचा मुळात काही संबंध नव्हता.

या जमिनीवर १८८० नंतर जो वाद झाला तो क्रिकेटच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. हिंदी खेळाडू ज्या भागात क्रिकेट खेळत, तेथेच युरोपीय लोक पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडे व ती क्रिकेटला निरुपयोगी होई. युरोपीयांच्या बॉम्बे जिमखान्याचे, १८७५ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेचे, स्वतःचे राखीव मैदान मात्र अबाधित होते. शेकडो हिंदी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पारशी क्रिकेटच्या इतिहासात नमूद करून ठेवली आहे. पुढे १८८५ ते १८९४ या दशकाच्या आसपास पारशी, इस्लाम व हिंदू जिमखाने स्थापन झाले आणि केनेडी सी-फेसवर समुद्र हटवून तयार झालेल्या जमिनीत त्यांना जागा मिळाल्या. मोकळ्या मैदानावर व्यक्ती म्हणून जो हक्क टिकत नव्हता, तो संस्था म्हणून टिकू लागला. या संस्था जातधर्मांवर उभ्या होत्या, ही त्या व्यवस्थेची मोठी उणीव होती; ज्यांची संस्था नव्हती त्यांना भूमीही नव्हती.

फुटबॉलनेही हाच मार्ग धरला. रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली आणि दीर्घकाळ तिच्यावर ब्रिटिश पलटणींचेच वर्चस्व राहिले. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा ती जिंकणारा पहिला हिंदी संघ ठरला. हारवुड लीग १९०२ मध्ये सुरू झाली. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या कारभाराखाली कूपरेज हे मुंबईच्या फुटबॉलचे मुख्य केंद्र बनले. पलटणींना लष्करी कवायतीचे मैदान होते. हिंदी संघांना मात्र संघटनेच्या आश्रयाखेरीज ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या वेळी मैदान मिळण्याची हमी नव्हती. मैदानाच्या सुधारणेची पहिली पायरी म्हणजे हक्काची व वेळेची निश्चिती, हे मुंबईच्या अनुभवाचे तात्पर्य होय.

३

कोल्हापूरचा अनुभव निराळा आहे. तेथील फुटबॉल-संघांची नावेच पाहिली तरी हे ध्यानात येते : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. ‘तालीम’ हा मूळ अरबी शब्द ‘शिक्षण’ या अर्थाचा. मराठीत तो कुस्तीच्या शिक्षणाच्या जागेला लागला. त्याचा देशी सोबती ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाट’ या शब्दापासून आला असून ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा होय. एक शब्द शिक्षणाकडे व दुसरा राखलेल्या भूमीकडे निर्देश करतो. कोल्हापूरच्या तालमीत दोन्ही अर्थ एकत्र नांदले.

शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत, १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला राजाश्रय मिळाला व १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती-मैदान पुरे झाले. राजाश्रयाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु पेठापेठांतील तालमींचे दैनंदिन जीवन त्याहून अधिक बोधप्रद आहे. तालमीच्या हौद्यातील तांबडी माती ही नुसती माती नसते. ती चाळून घेतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळतात आणि ती खोऱ्याने उकरून पुन्हा सारखी करतात. हे काम शिकाऊ पैलवानांनीच करावयाचे असते. ज्याने माती उकरली नाही त्याने मातीत उतरू नये, असा हा अलिखित दंडक होय. भूमीची निगा हा शिक्षणाचाच भाग मानणारी संस्था या दृष्टीने तालमीकडे पाहिले पाहिजे.

विसाव्या शतकात हीच तालीम मंडळे फुटबॉलची आश्रयदाती झाली. शिवाजी पेठ व मंगळवार पेठ यांची परंपरागत चुरस कुस्तीतून फुटबॉलमध्ये उतरली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० मध्ये झाली आणि तिच्या साखळी स्पर्धांनी या चुरशीला नियमांची चौकट दिली. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला, तरी संघ संपले नाहीत. पेठेची वर्गणी, पेठेचा अभिमान आणि पेठेचे प्रेक्षक यांच्या बळावर ते उभे राहिले. सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा २०१७ मध्ये भारतात झाली तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याचे पुढील शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाले हे खरे; तथापि ज्या गावात फुटबॉल हा पोरवयातच कानांवर पडणारा शब्द आहे, अशा गावातून तो आला, हेही विसरता येत नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. पेठेचा अभिमान मैदान राखतो, तसाच तो मैदानावर हाणामारीही घडवून आणतो. समर्थकांच्या दंग्यांमुळे कोल्हापुरात सामने स्थगित करण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. संघाला आपुलकी असावी, पण मैदानावर एकट्या संघाची मालकी असू नये, असा याचा अर्थ घ्यावयाचा.

४

कोल्हापूरच्या मैदानांची भूमी स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. हे मुळात तळ्यांचे शहर. वाढत्या वस्तीबरोबर त्यांतील अनेक तळी बुजविण्यात आली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली, रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले आणि वरुणतीर्थाच्या जागी शिवाजी पेठेतील गांधी मैदान झाले. दाट वस्तीच्या मध्यभागी एवढी मोठी सपाट जागा दुसरीकडे मिळणे अशक्यच होते. तथापि तळे बुजले म्हणून पाण्याची वाट बुजत नाही. भोवतालच्या उंच भागाचा उतार पूर्वीप्रमाणे त्याच खोलगट जागेकडे राहिला. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचून मैदानाचे पुन्हा तळे होते, ही तक्रार गेल्या काही वर्षांत सातत्याने पुढे आली आहे.

येथे सुधारणेविषयीचा एक सामान्य भ्रम उघडा पडतो. मैदान सुधारावयाचे म्हटले की प्रेक्षकांसाठी पायऱ्या, प्रवेशद्वार, कुंपणाची भिंत व दिवे यांचा विचार प्रथम होतो. या गोष्टी दिसतात व त्यांचे उद्घाटन करता येते. मैदानाचे जीवित मात्र न दिसणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते : मध्यापासून कडेकडे दिलेला बेताचा उतार, पृष्ठभागाखालील खडीचा व वाळूचा थर, पाणी वाहून नेणारे चर आणि त्या चरांचा बाहेरच्या नाल्याशी असलेला जोड. हा जोड तुटला तर वरची हिरवळ कितीही महाग असली तरी एका पावसाळ्यात तिचा चिखल होतो.

५

‘संकुल’ हा या मालिकेतील तिसरा शब्द. महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या क्रीडा धोरणानंतर विभाग, जिल्हा व तालुका या तीन पातळ्यांवर क्रीडासंकुले बांधण्याची योजना आली. धावपट्टी, बहुउद्देशीय सभागृह व निरनिराळ्या खेळांची मैदाने एका आवारात असावीत, ही तिची कल्पना. तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा पुढे एक कोटी रुपयांपर्यंत व २०२२ मध्ये पाच कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. ग्रामीण भागासाठी शासनाने एवढी तरतूद करणे ही ऐतिहासिक दृष्ट्या नवी घटना होय. संस्थानिकाच्या मर्जीवर किंवा गव्हर्नराच्या कृपेवर जे अवलंबून होते ते आता धोरणाचा भाग झाले.

शब्दाची व्युत्पत्ती मात्र सावध करणारी आहे. संस्कृतात ‘संकुल’ म्हणजे गर्दीने भरलेले, दाटलेले. मैदानाचा अर्थ मोकळेपणा, तर संकुलाचा अर्थ दाटी. शब्दाच्या अर्थावरून योजनेचा निवाडा करता येत नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तरीही प्रवृत्तीतील एक फरक येथे सूचित झाला आहे. निधी बांधकामाच्या रूपाने खर्च होतो, म्हणून सभागृह आधी व मैदान नंतर, असा क्रम लागण्याचा धोका राहतो. शिवाय संकुलाचा कारभार लोकप्रतिनिधी व शासकीय अधिकारी यांच्या समितीकडे असतो. बांधकाम उरकण्यास समिती पुरेशी आहे. रोज सकाळी जमिनीवर पाणी मारण्यास, रूळ फिरविण्यास व फक्कीच्या रेघा ओढण्यास कोणीतरी स्थानिक माणूसच लागतो.

या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ या उपक्रमात राज्यभर शाळांना चेंडू वाटून लाखो मुलांना एका दिवशी फुटबॉल खेळविण्यात आले. चेंडू शाळेच्या दारापर्यंत नेणे शासनास एका मोसमात साधले. पावणेदोन एकर जमीन मात्र अशी वाटता येत नाही.

६

या पार्श्वभूमीवर तळोद्याचा प्रश्न मांडता येईल. पूर्वी पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेला हा तालुका तापीचे खोरे व सातपुडा यांच्या सांध्यावर आहे. भिली, पावरी, अहिराणी, गुजरी अशा बोली येथे एका बाजारात ऐकू येतात. खोऱ्यातील जमीन काळी, कसदार व कापूस-उसाला उत्तम. पण हेच तिचे गुण खेळाच्या दृष्टीने दोष ठरतात. काळी माती पावसात फुगते व चिकट होते. उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. त्या भेगांत धावणाऱ्याचा पाय मुरगळतो. अशा ठिकाणी वरची काळी माती काढून मुरमाचा थर देणे, उतार व चर आखणे, आणि मगच गवताचा विचार करणे हा योग्य क्रम होय. प्रेक्षकांच्या पायऱ्या सर्वांत शेवटी याव्यात.

हक्काच्या प्रश्नास कायद्याने काही उत्तरे दिली आहेत. गावठाणालगतचे गायरान ही महाराष्ट्रातील जुनी सामाईक जमीन. गाईंचे रान असा तिचा अर्थ शब्दातच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनींवरील अतिक्रमणांविरुद्ध निर्णय दिला व त्याच वर्षी राज्य शासनाने गायरानाच्या वाटपावर निर्बंध घातले. गायरानाचे मैदान करताना गुरांचा हक्क बुडणार नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. नगरपरिषदेच्या हद्दीत १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विकास योजनेत मैदानासाठी जागा राखता येते. परंतु दहा वर्षांत ती संपादन झाली नाही तर मालकाने सूचना दिल्यानंतर ठरलेल्या मुदतीत आरक्षण रद्द होऊ शकते. नकाशावरील हिरवा रंग म्हणजे मैदान नव्हे.

निगेच्या प्रश्नाचे उत्तर तालुक्याजवळच आहे. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने व २०१४ च्या राज्य नियमांनी तेथील ग्रामसभांना सामाईक साधनसंपत्तीच्या बाबतीत विशेष स्थान दिले आहे. शिवाजी पेठेला जी तालीम, ती येथील पाड्याला ग्रामसभा होऊ शकेल. शहरापुरते हे काम शाळा व क्रीडा मंडळे यांना वाटून घ्यावे लागेल. मैदानाचा मालक सार्वजनिक, राखणदार स्थानिक आणि वेळापत्रक लेखी, ही तीन कलमे अनुदानाच्या करारातच घालता येतील. मुलींच्या सरावाची वेळ त्या वेळापत्रकात स्वतंत्र लिहिलेली असावी. मुंबईच्या मैदानांचा इतिहास हेच सांगतो, की जो हक्क लिहिला गेला नाही तो दुर्बलाच्या वाट्याला आला नाही.

महाराष्ट्रातील फुटबॉलच्या इतिहासात मैदान एकदा बांधून झाले आणि मग आपोआप टिकले, असे उदाहरण आढळत नाही. कूपरेज संघटनेने टिकविले; कोल्हापूरचे फुटबॉल पेठांनी. तळोद्यास निधी मिळणे शक्य आहे आणि जमीनही मिळणे शक्य आहे. निधी खर्च झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात चर कोण उपसणार, याचे नाव करारावर आधी लिहिले गेले, तर मैदान सुधारले असे म्हणता येईल.