उजेडाची टंचाई आणि पडदा

प्रोजेक्टरच्या खोक्यावर लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा ठळक छापलेला असतो आणि पडद्याच्या माहितीपत्रकात ‘गेन’चा. गेन जितका मोठा तितका पडदा चांगला, असे गिऱ्हाईक धरून चालते. ही समजूत चुकीची आहे आणि ती कशी रुजली, हे इतिहास पाहिल्यावर कळते. प्रकाश सगळ्या दिशांना सारखा पसरवणाऱ्या पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागाचा गेन 1 मानतात. पडदा समोरून त्याच्या किती पट उजळ दिसतो, तो त्याचा गेन. पडदा स्वतः उजेड निर्माण करत नाही. गेन 2 चा पडदा मधल्या प्रेक्षकाला दुप्पट उजेड देतो, तो कडेला बसलेल्यांच्या वाट्यातून काढून. हा व्यवहार करावा लागला, कारण पूर्वी दिवेच अपुरे होते. मोठ्या गेनची प्रतिष्ठा ही त्या टंचाईची देणगी आहे.

ती टंचाई किती जाचक होती, हे आज सहज ध्यानात येत नाही. काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारे मॅजिक लँटर्नवाले तेलाच्या दिव्यावरून लाइमलाइटकडे वळले. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवून तो उजेड मिळवत. असा उजेड धोक्याचाही होता: 4 मे 1897 रोजी पॅरिसच्या बाझार द ला शारिते या धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राच्या ईथरच्या दिव्यामुळे आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसे, त्यात बहुतेक स्त्रिया, जळून मेली. आपल्याकडे त्याच दशकात कल्याणचे पटवर्धन शांबरिक खरोलिकेतून, म्हणजे मॅजिक लँटर्नमधून, काचेवर रंगवलेली चित्रे हलती करून दाखवत होते, आणि 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा खेळ झाला. पुढे थिएटरांतून कार्बन आर्क स्थिरावला. उजेड झगझगीत, पण कार्बनच्या कांड्या जळून झिजत आणि त्यांच्यामधले अंतर सतत राखावे लागे. एवढ्या कष्टाने मिळालेला उजेड वाया घालवणे परवडणारे नव्हते. म्हणून पडद्यावर चंदेरी धातूचा लेप आला, बारीक काचमण्यांचे पडदे आले. बोलपटांनी पुन्हा तोटा केला: आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक भोके पाडली आणि त्यांतून थोडा उजेडही मागे निसटू लागला.

हिशेब साधा आहे. थिएटरच्या पडद्यासाठी 16 फूट-लँबर्ट एवढी उजळता हे अमेरिकी प्रमाण रुळले. गेन 1 असेल, तर त्यासाठी दर चौरस फुटावर 16 लुमेन पडले पाहिजेत. 40 फूट रुंद आणि 20 फूट उंच पडद्याला 12,800 लुमेन लागतात. गेन 2 केला की 6,400 पुरतात. घरातल्या 8 फूट बाय साडेचार फुटांच्या पडद्याला, पूर्ण अंधारात, सहाशेही लागत नाहीत. घरगुती व्हिडिओ प्रोजेक्टर सुरुवातीला तेवढेही देऊ शकत नव्हते. 1970 च्या दशकातल्या तीन चित्रनळ्यांच्या यंत्रांना खास वक्र, मोठ्या गेनचे पडदे जोडावे लागले, आणि ते जरा बाजूला सरकून पाहिले की चित्र विझायचे.

यावर आक्षेप येईल की चंदेरी पडदा त्रिमिती चित्रपटांसाठीही वापरतात, तिथे टंचाईचा काय संबंध? आक्षेपात तथ्य आहे. दोन डोळ्यांची चित्रे वेगळी ठेवणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण पांढऱ्या कापडावर विस्कटते आणि धातूच्या लेपावर टिकते, म्हणून 1950 च्या दशकात आणि पुन्हा 2009 च्या ‘अवतार’नंतर असे पडदे लागले. पण ध्रुवक आणि चष्मे मिळून निम्म्याहून जास्त उजेड खातात, म्हणजे टंचाई इथेही पुन्हा उभी राहते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आता झेनॉन, एलईडी आणि लेझरचे दिवे आले, उजेड मुबलक झाला, मग पांढरी भिंत का पुरू नये? अंधाऱ्या खोलीत ती बऱ्यापैकी पुरते, हे मान्य केले पाहिजे. पण प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे दिवाणखान्यात पडदा जितका उजळलेला असेल तितकाच काळा, आणि पांढरी भिंत खिडकीचा उजेडही तितक्याच इमानाने परत देते. लुमेन वाढवून पांढरा भाग आणखी पांढरा होतो, काळा मात्र राखाडीच राहतो. म्हणून 2000 च्या सुमारास गेन 1 पेक्षा कमी असलेले करडे पडदे बाजारात आले. भिंतीलगत ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरच्या पडद्यांवर करवतीच्या दातांसारख्या बारीक आडव्या रेघा असतात: खालची बाजू यंत्राचा उजेड प्रेक्षकाकडे वळवते, वरची काळी बाजू छताच्या दिव्यांचा उजेड शोषून घेते. शंभर वर्षे उजेड वाचवणारा पडदा आता निवडून उजेड गिळतो आहे. अशा पडद्यांचा गेन बहुधा 1 च्या खालीच असतो, आणि ते साध्या पांढऱ्या पडद्यापेक्षा बरेच महाग मिळतात.