कर्मेलच्या डोंगरावर, सकाळ ते रात्र

लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात 1820 मध्ये सुरू झालं. मूर्तिपूजेविरुद्धचे बायबलमधले इशारे तेव्हापासून या भागाच्या कानांवर पडत आले आहेत. ऐकणाऱ्याला ते आपल्या देव्हाऱ्याकडे रोखलेले वाटले असतील. मुळात ते होते इस्राएलच्याच लोकांना आणि त्यांच्या राजाला. त्यातला सर्वांत भयानक दिवस ‘राजे’ या पुस्तकाच्या पहिल्या भागात आहे, आणि तो प्रहरांनुसार सांगितलेला आहे.

आदल्या दिवसांत : इसवी सनापूर्वीचं नववं शतक. पावसाविना तिसरं वर्ष. घोडे-खेचरं जगवायला चारा शोधत खुद्द इस्राएलचा राजा अहाब रानोमाळ हिंडतोय. हा राजा कथेपुरता नाही. इ.स.पू. 853 च्या कर्करच्या लढाईत त्याचे 2,000 रथ होते, असं अश्शूरी शिलालेख सांगतो. त्याची राणी ईजबेल सिदोनची, तिचा देव बाल. सीरियात 1929 पासून सापडलेल्या उगारितच्या मातीच्या पाट्यांवरून कळतं की बाल हा मेघगर्जनेचा, पावसाचा देव. म्हणजे भांडण मूर्तीच्या आकाराचं नव्हतंच. पाऊस कोणाच्या हातात, हा प्रश्न होता. कणकुंबीला कोसळणारा पाऊस अथणीपर्यंत का पोचत नाही, हे वर्षानुवर्षं पाहणाऱ्या आपल्या मुलखाला तो प्रश्न समजावून सांगायला नको.

सकाळ : कर्मेलवर लोक जमलेत. एका बाजूला बालाचे 450 संदेष्टे, दुसऱ्या बाजूला इस्राएलच्या देवाचा एकटा संदेष्टा, एलीया. तो लोकांना विचारतो, दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस चालणार? देव कोणता ते ठरवा. लोक एक शब्दही बोलत नाहीत. मला या दिवसातली सगळ्यांत धोक्याची खूण ही वाटते. मग पैज ठरते : दोन गोऱ्हे, दोन वेद्या, विस्तव कोणी लावायचा नाही. ज्याचा देव अग्नी धाडील तो खरा.

दुपार : बालाचे संदेष्टे सकाळपासून हाका मारताहेत. एलीया त्यांची टर उडवतो : मोठ्याने ओरडा, देव प्रवासाला गेला असेल, झोपला असेल. (शेंदूर फासलेल्या दैवतांची खिल्ली एकनाथ-तुकारामांनीही उडवली आहे, पण त्यांच्या हाती सुरा नव्हता.) बालाचे संदेष्टे सुऱ्या-भाल्यांनी अंग कापून घेतात, रक्त वाहतं. उत्तर नाही.

संध्यार्पणाची वेळ : एलीया मोडलेली वेदी बारा दगडांनी उभी करतो, भोवती चर खणतो. चार घागरी पाणी, तीनदा. दुष्काळात इतकं पाणी ओतताना बघणाऱ्यांच्या पोटात काय कालवलं असेल! छोटीशी प्रार्थना होते आणि अग्नी उतरतो. गोऱ्हा, लाकडं, दगड, चरातलं पाणी, सगळं जातं.

लगेच त्यानंतर : सकाळी मुके असलेले लोक आता पालथे पडून जयजयकार करतात. एलीया म्हणतो, धरा त्यांना, एकही सुटता कामा नये. तेच लोक धरून देतात आणि खाली किशोन ओहोळाकाठी कत्तल होते. सकाळी ज्यांना मत नव्हतं, त्यांना संध्याकाळी दयाही उरली नाही.

अंधार पडताना : एलीयाचा चाकर समुद्राकडे बघायला सातव्यांदा जातो, तेव्हा तळहाताएवढा ढग दिसतो. मग मुसळधार पाऊस. अहाबाचा रथ इज्रेलकडे धावतो, रथापुढे एलीया.

त्यानंतर : ईजबेलचा निरोप येतो. उद्या याच वेळेपर्यंत तुझी गत त्या मारलेल्या संदेष्ट्यांसारखी केली नाही तर पाहा. विजयी संदेष्टा जीव घेऊन रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो. पुढे होरेब डोंगरावर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो; देव त्यांपैकी कशातच नसतो. कर्मेलच्या अग्नीवरचं हे भाष्य त्याच पुस्तकात, एकाच अध्यायाच्या अंतरावर आहे आणि तरीही प्रवचनांतून बहुधा गळतं.

एवढं होऊनही राजवाडा जागचा हलला नाही. अहाबाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, नाबोथाने वडिलोपार्जित जमीन द्यायला नकार दिला. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं पाठवली, दोन खोटे साक्षीदार बसवले. इज्रेलच्या गावकऱ्यांनी नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं. आरोप होता, देवाची आणि राजाची निंदा.