बत्ती धरणारा

इसापच्या गोष्टींनी आपला एक घोटाळा करून ठेवलाय. द्राक्षं आंबट म्हणणारा तो इंग्रजी 'फॉक्स' मराठीत आला आणि कोल्हा झाला. आपला कोल्हा म्हणजे खरं तर 'जॅकल'. फॉक्सचा भाऊबंद म्हणजे खोकड, आणि ते राहतं घाटावरच्या उघड्या माळांवर. आमच्या कर्जत-खालापुरात रात्री कुई उठायची ती कोल्ह्यांचीच.

गंमत म्हणजे साहेबानेही हाच घोटाळा केला, पण जाणूनबुजून. विलायतेसारखी फॉक्सची शिकार इथे जमेना, म्हणून त्याने कुत्र्यांचे ताफे आणले आणि त्यांना कोल्ह्यामागे सोडलं. उटीला आणि पुण्या-खडकीला असे ताफे होते. लाल कोट, घोडे, सगळा थाट. अर्थात हा दिवसाउजेडीचा खेळ. घाटाखाली, भातखाचरं आणि करवंदीच्या जाळ्यांतून घोडे कुठे उधळणार? इथली शिकार रात्रीची, पायी, आणि दोन माणसांची: एकाकडे बंदूक, दुसऱ्याकडे बत्ती.

लहानपणी आजोळी या शिकारींच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या. (मामेभावंडांनो, तुम्हीही ऐकल्यात.) कोल्हा का मारायचा याचं उत्तर ठरलेलं असे: कोंबड्या नेतो, शेळीची करडं नेतो, काकड्यांची नासाडी करतो. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. पण मला विचाराल तर हा निम्मा बहाणा होता. काकड्यांचं नुकसान रानडुकरं आणि माकडंही करायचीच. भात झोडून झालं की रात्री मोकळ्या असत, काडतुसं हाताशी असत, आणि शेकोटीभोवती सांगायला काहीतरी हवं असे. ससा, भेकर मिळालं तर मटण. कोल्हा मिळाला तर नुसती गोष्ट.

त्या गोष्टींचा नायक नेहमी बंदूकवाला. आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्याचं काम सगळ्यात सोपं होतं. छऱ्याची बारा बोअर पस्तीस-चाळीस पावलांच्या पलीकडे फारशी कामाची नाही. म्हणजे कोणीतरी त्याला तेवढ्या जवळ नेऊन उभं करायला हवं, वारा तोंडावर ठेवून, पाचोळा न वाजवता. हे करायचा बत्तीवाला, आणि बत्तीवाला बहुतेक वेळा कातकरी असे.

बत्ती धरणं म्हणजे उजेड पाडणं नव्हे, डोळे वाचणं. बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांत बाहुलीमागे एक चकचकीत पडदा असतो. उजेड त्यावरून उलटा फिरतो आणि अंधारात दोन निखारे दिसतात. ते किती उंचीवर आहेत, त्यांच्यात अंतर किती, ते टक लावून बघतायत की उड्या मारत चाललेत, यावरून जनावर ओळखायचं. वाटेत बसलेल्या रातव्याचा डोळाही लाल पेटतो. गवतातला कोळीसुद्धा चमकतो! आणि रानडुकराच्या डोळ्यात हा पडदाच नाही, त्यामुळे ते बत्तीत जवळजवळ चमकत नाही. तिथे कानच उपयोगी. पुन्हा, वाडीवरचं कुत्रं आणि कोल्हा यांचे डोळे सारखेच. शेतात राखणीला माणूस झोपलेला असू शकतो, दावं तुटलेलं वासरू असू शकतं. 'मार' आणि 'थांब' यांतला निर्णय बत्तीवाल्याचा. तो चुकला तर घोडा दाबणारा दुसरा असला तरी बोल पहिल्यालाच लागायचा.

आणि हाक. हाताच्या पाठीवर ओठ दाबून हवा ओढली की जखमी सशासारखं चिरकता येतं. कोल्हा त्याला फसतो, कारण तो जितका शिकारी तितकाच आयत्यावर कोयता मारणारा. अमेरिकेत याचा मोठा धंदा झाला. टेक्सासच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात कायोटी आणि फॉक्स बोलावायच्या शिट्ट्या बनवून विकल्या. पण आपल्या देशात याहून अवघड गोष्ट करणारे लोक होते. दक्षिणेतले कुरुविक्कारन म्हणजेच नरिकुरवर ('नरी' म्हणजे तमिळमध्ये कोल्हा) खुद्द कोल्ह्याचीच कुई काढून कोल्ह्यांना बोलावत. एडगर थर्स्टन या मद्रासच्या अधिकाऱ्याने १९०९ साली त्यांच्याबद्दल लिहिलं, आणि त्यांना 'मराठी बोलणारे' म्हटलं! पुढे अभ्यासकांनी त्यांची भाषा वाघरी बोली ठरवली, गुजराती-राजस्थानीच्या जवळची. मला उगाच दोन मिनिटं अभिमान वाटला होता. असो.

थर्स्टनने निदान लिहून तरी ठेवलं. आपल्याकडे काय झालं? ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर १८८२ चं. कर्जत तेव्हा ठाण्यात होतं. त्यात कातकरी आहेत, खैराचा कात पाडणारे म्हणून. पण १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानं झाली आणि कात पाडणं अवघड होत गेलं. त्याच वर्षी हत्यारांचा कायदा आला आणि बंदुकीला परवाना लागू लागला. परवाना कोणाला मिळणार? ज्याच्या नावावर जमीन, ज्याची कचेरीत ओळख. एकाच वर्षी एकाचं रान गेलं आणि दुसऱ्याच्या हातात परवान्याची बंदूक आली. बत्ती कोणी धरायची हे तिथेच ठरलं असं मला वाटतं.

बाकी सोय झालीच होती. पळसदरी-खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ लाच आली, म्हणजे मुंबईच्या हौशी शिकाऱ्यालाही हे रान जवळचं झालं. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. ती वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जायची, आणि त्याच तारांखाली कातकरी सेलची बॅटरी घेऊन चालायचा.

शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने एकदम बंद झाली असं आपण समजतो. तसं नाही. त्या कायद्यात शिकारीचे परवाने होते. पण सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करायची नाही आणि कृत्रिम उजेड वापरायचा नाही, असं कलम १७ मध्ये लिहिलेलं होतं. मारलेल्या भक्ष्यावर येणाऱ्या हिंस्र जनावरापुरता, तोही परवान्याने, अपवाद. म्हणजे बंदुकीच्या आधी बत्ती विझली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही गेली.

हे झालं ते बरंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोल्हा आता तिकडे कमीच ऐकू येतो. पण कायदा दोघांना सारखा लागला, त्याचा भार सारखा पडला नाही. बंदूकवाल्याचा छंद गेला. त्याची जमीन होती, पुढे तिथे फार्महाउसं उठली. बत्तीवाल्याचं मटण गेलं आणि वर विद्याही निरुपयोगी झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक, कंदमुळं यांचा हक्क मान्य केला, पण शिकारीचा परंपरागत हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. कानांनी डुक्कर ओळखणाऱ्यांची नातवंडं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात.

नाव इतिहासात राहिलेला कातकरी मला पटकन एकच आठवतो: चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांच्या गोळीला बळी पडलेला नाग्या. नाव नोंदलं जायला बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहावं लागलं.

आजोबांची बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा व्हायची, तशी एकदा झाली आणि नंतर कोणी आणायला गेलंच नाही. तिचं लायसनचं पुस्तक मामाकडे अजून आहे. त्यात बंदुकीचा नंबर आहे, बोअर आहे, किती काडतुसं घेतली त्याच्या नोंदी आहेत. आजोबांबरोबर चाळीसेक वर्षं बत्ती धरून चालणाऱ्याला गोष्टींमध्ये सगळे 'आपला कातकरी' म्हणत. मी मोठ्या मावशीला विचारलं, मामाला विचारलं. वाडी सांगतात, तो बसायचा कुठे तेही सांगतात, नाव आठवत नाही. घरातल्या कोणाला आठवत असेल तर मला कळवा.