ताळेबंदातले परमवीर

जहाज कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेकांची नजर आधी निव्वळ नफ्याच्या ओळीवर जाते. मी त्याआधी जहाजांची यादी काढतो : नाव, वहनक्षमता, बांधणीचे वर्ष. नफा त्या वर्षीच्या बाजाराचा असतो. कंपनीचे पुढचे दशक मात्र बांधणीच्या वर्षांत दडलेले असते.

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या टँकरांची यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ईस्टर्न आणि वेस्टर्न या दोन सरकारी जहाज कंपन्या एकत्र करून 2 ऑक्टोबर 1961 रोजी ती स्थापन झाली. ऐंशीच्या दशकात तिने कच्चे तेल वाहणाऱ्या आपल्या पंधरा टँकरांना परमवीरचक्राच्या मानकऱ्यांची नावे दिली. 1971च्या युद्धापर्यंतचे मानकरी पंधराच होते. त्यांत मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर होते; कारवारचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणेही होते. एप्रिल 1948मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून देणारे राणे ते हेच. त्यांच्या नावाचा टँकर 8 ऑगस्ट 1984 रोजी कंपनीच्या ताब्यात आला, तेव्हा ते हयात होते.

तो काळ टँकरधंद्याच्या मंदीचा होता. 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद राहिला, तेल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले. अंतर वाढले तशी टँकरांची मागणी आणि भाडी वाढली. मालकांनी अवाढव्य जहाजांच्या ऑर्डरी दिल्या. 1973च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या, पुढे मागणी घटली आणि नवी कोरी जहाजे बिनकामाची नांगरून पडली. या धंद्याचा जुना रोग तो हाच. भाडी चढली की सगळ्यांकडे पैसा येतो, सगळे एकदमच जहाजे मागवतात, बांधणीचा भाव वाढतो. आणि दोन-तीन वर्षांनी जहाज पाण्यात उतरते तेव्हा तेजी ओसरलेली असते.

हिशेबाची पद्धत या रोगावर पांघरूण घालते. जुन्या जहाजाचा घसारा जवळपास संपलेला, कर्ज फिटलेले. त्यामुळे म्हातारे जहाज कागदावर कमावते दिसते. नवे जहाज येताच घसारा आणि व्याज वाढते व नफा आक्रसतो. म्हणजे एखाद्या वर्षीचा घसघशीत नफा हा नूतनीकरण लांबणीवर टाकल्याचाही पुरावा असू शकतो.

परमवीरांच्या नावांचे टँकर दुहेरी कवचाची सक्ती होण्याआधीचे. 1989मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ फुटले, 1999मध्ये फ्रान्सजवळ ‘एरिका’, 2002मध्ये स्पेनजवळ ‘प्रेस्टिज’. प्रत्येक अपघातानंतर नियम कडक होत गेले आणि एकेरी कवचाच्या टँकरांचे दिवस भरत आले. सुमारे पंचवीस वर्षांची चाकरी करून राण्यांच्या नावाचा टँकर सेवेतून गेला.

त्यांची जागा घ्यायची वेळ आली ती नेमकी मोठ्या तेजीच्या शेवटी. 2008-09मध्ये कंपनीचा नफा 900 कोटी रुपयांच्या वर होता. 2008च्या जागतिक अरिष्टाने भाडी कोसळली, तेजीत मागवलेली जहाजे मात्र येतच राहिली. 2011-12मध्ये तोटा 400 कोटींवर गेला आणि सलग तीन वर्षे कंपनी तोट्यात राहिली. वर्तमानपत्रांत तोट्याच्या बातम्या आल्या. पण त्याच वर्षांत ताफा तरुण होत होता.

हे दोन आकडे वेगवेगळे वाचले की चुकीचे निष्कर्ष निघतात. भारत आपल्या गरजेच्या कच्च्या तेलाचा फार मोठा वाटा आयात करतो आणि त्यातले बहुतेक परदेशी जहाजांतून येते. त्याचे भाडे डॉलरमध्ये जाते. हे बदलायचे तर भाडी पडलेली असताना, म्हणजे ताळेबंद सर्वांत वाईट दिसत असताना, जहाजे घेण्याची हिंमत लागते. भागधारक, मंत्रालय, लेखापरीक्षक या सगळ्यांपुढे असा निर्णय मांडणे कठीण असते. वर्षाच्या हिशेबात तो उधळपट्टी ठरतो. त्याचा शहाणपणा समजायला जहाजाचे आयुष्य संपावे लागते.

आज यादीत ‘देश वैभव’, ‘देश विशाल’ अशी नावे दिसतात. त्यांच्यापुढेही बांधणीचे वर्ष छापलेले असते. पुढचा अहवाल येईल तेव्हा आधी तोच रकाना पाहावा.