शीवेची खाडी आणि पवईचा तलाव

मुंबई बेटाच्या उत्तर टोंकास जें गांव वसलें त्याचें नांवच मुळीं शीव असें पडलें. शीव म्हणजे हद्द. येथें मुंबई संपे आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू होई. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं येथील टेंकडीवर किल्ला बांधला, तो ह्याच हद्दीवर नजर ठेवण्यासाठीं. राज्यांची ही हद्द इतिहासाच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु शीवेस आणखी एक हद्द होती, आणि ती किल्ल्याहून फार जुनी होती. साष्टीच्या डोंगरांतून उतरणारें गोडें पाणी आणि भरतीबरोबर माहीमकडून चढणारें खारें पाणी यांची गांठ ह्या खाडींत पडत असे. ज्या ठिकाणीं अशी गांठ पडते त्या ठिकाणीं मासा भरपूर, हा सर्व देशांतील मासेमारांचा अनुभव आहे.

ह्याचें कारण साधें आहे. नदी आपल्याबरोबर गाळ आणि कुजलेला पाला आणते. भरती तो चिखलावर पसरते. त्यावर सूक्ष्म जीव पोसतात. त्या जीवांवर कोळंबी व लहान मासे, आणि लहानांवर मोठे मासे जगतात. तिवरांच्या मुळांच्या जाळींत पिलांना आसरा मिळतो. म्हणून खाडीकांठच्या कोळ्यास होडी वल्हवून दूर समुद्रांत जाण्याची प्रत्येक वेळीं गरज पडत नसे. गुडघाभर पाण्यांत उभें राहून तो पाग फेंकी. कडेला शिशाच्या गोळ्या ओंवलेलें हें वर्तुळाकार जाळें हातावर घडी घालून घ्यावयाचें, कमरेस हिसका देऊन तें हवेंत छत्रीसारखें उघडावयाचें आणि पाण्याच्या पाठीवर सपाट पाडावयाचें, ही विद्या लहानपणींच शिकावी लागते. त्यांत बोय सांपडे, कोळंबी सांपडे. ओहोटी लागली कीं उघड्या पडलेल्या चिखलांत निवटी आणि चिंबोऱ्या धरीत, खडकांवरचीं कालवें फोडीत. धारावीचा कोळीवाडा हा मुंबईच्या जुन्या कोळीवाड्यांपैकीं एक. त्याचें पोट ह्या चिखलानें भरलें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

कोंकणच्या खाड्यांचा खरा राजा मात्र जिताडा होय. इंग्रजींत त्यास आशियाई सागरी बास असें म्हणतात. अलिबाग-पेणकडील खाऱ्या जमिनींच्या मुलखांत जिताड्याच्या तुकडीवाचून पाहुणचार पुरा झाला असें कोणी मानीत नाहीं. ह्या माशाची जीवनकथाहि नवलाची आहे. खाडीच्या मुखाशीं, खाऱ्या पाण्यांत, तो अंडीं घालतो. पिलें भरतीबरोबर आंत शिरतात आणि गोड्या पाण्यापर्यंत चढून वाढतात. बहुतेक जिताडे आरंभीं नर असतात व कांहीं वर्षांनीं मादी होतात! तो दबा धरून शिकार करणारा आहे. म्हणून गळास जिवंत बोय किंवा कोळंबी लावून कांठावरून त्याची वाट पाहावी लागते. समुद्र ते नदी हा सारा मार्ग मोकळा असेल तरच हा मासा नांदतो, ही गोष्ट पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

गळ टाकून बसणें हा पोटाचा उद्योग असतो, तसाच तो विनोदाचाहि असूं शकतो. हा छंद साहेबानें आपल्या देशांत आणला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचविला. त्यांत राजाच्या करमणुकी सांगतांना मत्स्यविनोदाचें प्रकरण आहे. कोणता मासा कोठें राहतो, कोणत्या माशास कोणतें आमिष आवडतें, काठी व दोरी कशी असावी, ह्या सर्वांचा त्यांत विचार केलेला आहे. आठ-नऊशें वर्षांपूर्वींचा दख्खनचा राजा पाण्याकांठीं दोरीकडे डोळे लावून बसे, हें आजच्या गळकऱ्यांस अभिमानास्पद वाटावें.

असो. एकोणिसाव्या शतकांत मुंबईचें पाणी बदललें. शतकाच्या आरंभीं जोनाथन डंकन गव्हर्नर असतां शीवेस खाडीवरून साष्टींत जाणारा बांध झाला. १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांना जोडणारा रस्ता खुला झाला. त्यासाठीं जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं दीड लाखाहून अधिक रुपये दिले. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. तिचा मार्गहि शीवेवरूनच होता. बांध आणि पूल ह्यांनीं माणसांची सोय झाली. त्यांपूर्वीं माहीमच्या खाडींत होड्या उलटून माणसें बुडत, हें विसरतां येत नाहीं. परंतु भरतीचें पाणी जेथें मोकळें पसरत होतें तेथें त्यास आतां कमानींमधून वाट काढावी लागली.

ह्याच सुमारास शहराचीं तळीं व विहिरी लोकसंख्येस अपुऱ्या पडूं लागल्या. तेव्हां हेन्री कॉनिबेअर ह्या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणें साष्टीच्या डोंगरांत विहार येथें धरण बांधण्यांत आलें आणि १८६० सालीं विहारचें पाणी मुंबईस मिळालें. १८७९ सालीं तुळशी तलाव पुरा झाला. तानशाचें मोठें काम चालू असतांच पुन्हां पाण्याची ओढ भासली. म्हणून १८८९ ते १८९१ च्या दरम्यान पवईस दोन टेंकड्यांमधील खोरें अडवून घाईनें तलाव करण्यांत आला. ही जागा पूर्वीं फ्रामजी कावसजी बानाजी यांच्या पवईच्या जहागिरींत होती. धोबीतलावाजवळचें तळें ज्यांच्या नांवानें ओळखलें जाई ते हेच फ्रामजी. पवईचें पाणी पिण्यास चांगलें उतरलें नाहीं. आणि १८९२ सालीं तानसा आल्यावर त्याची निकडहि उरली नाहीं. अशा रीतीनें मुंबईच्या पदरीं एक असा तलाव पडला कीं जो पिण्याच्या कामाचा नव्हता, परंतु शहरापासून जवळ होता आणि दिसावयास रमणीय होता. गळकऱ्यांस ह्याहून अधिक काय पाहिजे?

हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्यांस ह्या छंदाचें मोठें वेड. मद्रास इलाख्यांतील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर एक पुस्तकच लिहिलें आणि त्यांत महसीर माशास मानाचें स्थान दिलें. तरी कित्येकांचें मन विलायतेच्या ट्राउटसाठीं झुरत असे. फ्रान्सिस डे ह्या मत्स्यशास्त्रज्ञ डॉक्टरानें १८६६ च्या सुमारास ट्राउट निलगिरीवर आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढें १९०० च्या सुमारास काश्मिरांत स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून ट्राउट जगला, आणि मागाहून निलगिरीवरहि स्थिरावला. मुंबईस मात्र तो कधींच येऊं शकला नसता. ट्राउटला थंड, वाहतें, प्राणवायूनें भरलेलें पाणी लागतें. पवईचें उथळ पाणी वैशाखांत कोमट होतें. त्यांत तो तग धरूं शकत नाहीं. जेथली माती तेथलें बीज, हा न्याय माशांसहि लागू आहे.

तेव्हां पवईस गळकऱ्यांनीं देशी माशांचीच कास धरली. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांत त्यांची संस्था येथें उभी राहिली. तीच पुढें महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यांतले मासे येथें वाढविण्यांत आले. ह्या तिघांत एक सोयीचा विभाग असतो. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाशीं. म्हणून कांठावर बसणारा चतुर गळकरी आपणांस कोणता मासा हवा तें ठरवून गळाची खोली बांधतो, कणकेचा गोळा लावतो आणि मग स्वस्थ बसतो. हें स्वस्थ बसणेंच पुष्कळांस साधत नाहीं. गिरगांव-दादरच्या चाळींत आठवडाभर गर्दी सोसणाऱ्या कारकुनास रविवारीं पाण्याकांठीं चार घटका अशा मिळाव्यात, ही तलावाची कांहीं लहान देणगी नव्हे.

परंतु ह्या माशांची एक अडचण होती. ते सांचलेल्या पाण्यांत वाढतात, पण अंडीं घालण्यास त्यांना पुराचें वाहतें पाणी लागतें. त्यामुळें तलावांत सोडावयाचें बीज बंगालकडील नद्यांतून गोळा करून आणावें लागे. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधुरी यांनीं ओरिसांत ह्या जातींस संप्रेरकाची टोंचणी देऊन तळ्यांत अंडीं घालावयास लाविलें, तेव्हां ही अडचण दूर झाली. त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे १९५२ सालीं, आफ्रिकेंतला तिलापिया हिंदुस्थानांत आला होता. त्यास बीज सोडण्याची गरज नव्हती. तो आपला आपणच इतका वाढला कीं तलावातलाव त्यानें व्यापिले. पवईसहि तो पोंचला.

आतां मूळ मुद्द्याकडे वळावयास हवें. विहार व पवई भरून सांडूं लागले कीं तें पाणी मिठी नदींत येतें. साकीनाका, कुर्ला, कलिना अशा वाटेनें सुमारें १८ किलोमीटर वाहत ती शीव व धारावी यांच्या अंगानें माहीमच्या खाडीस मिळते. म्हणजे पवईच्या कांठीं छंदासाठीं बसणारा गळकरी आणि धारावीच्या चिखलांत पोटासाठीं उभा असणारा कोळी हे एकाच पाण्याच्या दोन टोंकांस होते. दोघांची ओळख नव्हती. पण नशीब एकच होतें. धरणांनीं डोंगरचें गोडें पाणी वर अडविलें, तें शहराच्या नळांत गेलें. आणि तेंच शहर वापरून मैलें झालेलें पाणी नदींत परत करूं लागलें. कारखान्यांचें सांडपाणी, तेल, चामडीं कमावण्याचीं द्रव्यें आणि केरकचरा ह्यांनीं मिठीचें गटार झालें. कांठचीं तिवरें तुटलीं, पाणथळी बुजल्या. खाडीची निवटी गेली, बोय गेली, आणि ज्यास सारा मार्ग मोकळा लागतो त्या जिताड्याची तर गोष्टच नको. पवईसहि वस्ती वाढतांच सांडपाणी शिरलें, गाळ सांचला आणि जलपर्णीनें पाण्याचा पृष्ठभाग झांकून टाकिला.

२६ जुलै १९०५ नव्हे, २००५ ची ती तारीख मुंबईकर विसरणार नाहींत. सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नदीस पसरावयास जागा उरली नव्हती. तिनें ती घरांत शिरून घेतली. ह्या शहरांत मिठी नांवाची नदी आहे हें पुष्कळांस त्या रात्रीं प्रथमच कळलें. जी नदी पूर्वीं लोकांस माशांमुळें माहीत होती ती आतां पुरामुळें माहीत झाली, हा बदल पुरेसा बोलका आहे.

तथापि सर्वच निराशेचें आहे असें नाहीं. शीव-वांद्रे रस्त्यालगत जेथें शहराचा कचरा टाकला जाई, त्याच जागीं झाडें लावून १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलें करण्यांत आलें. खाडीच्या कडेला जेथें जेथें तिवरांस हात लावला गेला नाहीं तेथें तीं पुन्हां उगवतात, आणि त्यांच्या मुळांशीं खेकडे परत येतात. निसर्ग फार काळ रुसून बसत नाहीं. वाट मोकळी करून देणें एवढेंच माणसाकडे असतें.

फाळणीनंतर शीव कोळीवाड्यांत पंजाबांतून आलेले निर्वासित वसले. तेथील खाणावळींतून तळलेल्या कोळंबीचा एक पदार्थ निघाला आणि ‘कोळीवाडा’ हें नांव घेऊन तो देशभर गेला. आज त्या पदार्थाची कोळंबी शीवेच्या खाडींतली नसते. नांव राहिलें, पाणी गेलें. शीव ह्या शब्दाचा अर्थ हद्द. कोणत्याहि शहरानें आपल्या नदीकडून किती घ्यावें आणि तिला काय परत द्यावें, ह्यासहि एक शीव असते. ती ओलांडली गेली कीं नाहीं, हें सांगण्यास मोठ्या यंत्रांची जरुरी नाहीं. खाडीच्या कांठीं उभें राहून एखाद्यानें पाग फेंकावा, आणि त्यांत काय येतें तें पाहावें.